जुळ्या यंत्राचा पूर्वेतिहास

कारखान्यांतील एखाद्या यंत्राची गणकयंत्रांत हुबेहूब प्रतिमा उभारावी, मूळ यंत्राला लावलेल्या मापकांकडून तिला क्षणोक्षणीं वार्ता पोंचवावी, आणि यंत्राचें पुढें काय होणार तें आधीं प्रतिमेंत पाहून घ्यावें, या पद्धतीस अलीकडे ‘डिजिटल ट्विन’, म्हणजे अंकरूप जुळें, असें नांव मिळालें आहे. ही विद्या गणकयंत्राबरोबरच जन्मास आली असा समज रूढ आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. तिची पहिली खरी कसोटी आमच्या मतें इंग्लंडांतील जहाजबांधणींत लागली, आणि तीहि एका भयंकर अपघाताच्या छायेंत.

१८७० च्या सप्टेंबरांत ‘कॅप्टन’ हें ब्रिटिश आरमाराचें नवें कोरें लढाऊ जहाज स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ रात्रीच्या वादळांत उलटलें. सुमारें पांचशें माणसांपैकीं अवघीं १८ वांचलीं. ज्याच्या कल्पनेंतून तें जहाज निघालें तो कूपर कोल्सहि त्यांतच बुडाला. आराखड्याप्रमाणें जहाजाची कड पाण्यावर ८ फूट राहावयाची होती. बांधतांना वजन वाढत गेलें आणि ती सुमारें साडेसहा फुटांवर आली. कागदावर एक जहाज होतें, समुद्रांत दुसरेंच होतें. आरमाराचा मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यानें धोका आधींच बोलून दाखविला होता. जुलैंत जहाज कलवून त्याच्या स्थैर्याची परीक्षाहि घेतली गेली. परंतु तिचें गणित पुरें होईपर्यंत जहाज निघून गेलें होतें.

याच काळीं विल्यम फ्रूड हा एंजिनियर निराळ्या वाटेनें चालला होता. ब्रुनेलच्या हाताखालीं रेल्वेचें काम केलेला हा गृहस्थ १८६७ सालीं डार्ट नदींत ३, ६ व १२ फूट लांबीचे नमुने ओढून त्यांना होणारा पाण्याचा विरोध मोजीत असे. थोरामोठ्यांच्या लेखीं हा निवळ पोरखेळ होता. १८६९ मध्यें ब्रिटिश असोसिएशनच्या समितीनें खरीं जहाजेंच ओढून पाहावींत असा अभिप्राय दिला, तेव्हां त्याच समितींत बसून फ्रूडनें भिन्न मत नोंदविलें. त्याचा नियम सोपा आहे: लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वेग राखला, तर नमुना व जहाज सारख्याच आकाराच्या लाटा उठवितात. म्हणजे एक-सोळांश लांबीचा नमुना एक-चतुर्थांश वेगानें ओढावयाचा. पाण्याच्या घर्षणाला मात्र हा नियम लागू पडत नाहीं. म्हणून त्यानें फळ्या ओढून घर्षणाचें गणित वेगळें बसविलें. (याच नियमाच्या आधारें धरणांच्या सांडव्यांचे नमुने बनवितात. १९१६ सालीं मुंबई इलाख्याच्या सरकारनें सुरूं केलेल्या व पुढें खडकवासल्यास नांवारूपास आलेल्या जलसंशोधन केंद्रांतील असे नमुने आमच्या पुणेकर वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिले असतील.)

सरकारनें २,००० पौंड दिले आणि १८७२ सालीं टॉर्की येथें फ्रूडचा हौद तयार झाला. त्यांत तो मेणाचे नमुने ओढी. परंतु त्याची थोरवी आम्ही हौदांत पाहत नाहीं. १८७१ सालीं त्यानें ‘ग्रेहाउंड’ हें खरें जहाज दुसऱ्या जहाजाकडून समुद्रांत ओढवून त्याचा विरोध मोजला होता. पुढें नमुन्याचे आंकडे त्याशेजारीं मांडले, तों जहाजाचा विरोध कांहींसा अधिक भरला. फ्रूडनें नमुन्यास दोष दिला नाहीं, जहाजासहि नाहीं. तळावरील तांब्याचा पत्रा खरबरीत झाला असला पाहिजे, असें त्यानें या तफावतीवरून ताडलें. प्रतिमा व मूळ वस्तु यांत पडलेला फरक हीच वार्ता होय, हें येथें उमगलें, आणि आजच्या जुळ्या यंत्राचा सारा उपयोग याच एका गोष्टींत आहे.

‘कॅप्टन’ बुडालें त्याच्या आधल्या नव्हे, बरोबर शंभराव्या वर्षीं, १९७० च्या एप्रिलांत, चंद्राच्या वाटेवर असलेल्या अपोलो १३ या यानांतील प्राणवायूची टांकी फुटली. सरावासाठीं उभारलेलीं यानाचीं नक्कल-यंत्रें जमिनीवर होतीं. थंड पडलेलें यान उरल्यासुरल्या विजेवर पुन्हां कसें चालू करावें, तो क्रम केन मॅटिंग्ली यानें अशा यंत्रांत बसून तपासला, आणि तिघेहि अंतराळवीर सुखरूप परतले. जुळ्याच्या स्तुतीसाठीं ही कथा नेहमीं सांगतात. तिचा पूर्वार्ध मात्र सहसा सांगत नाहींत. टांकींतील तापमान राखणारीं बटनें २८ व्होल्टांसाठीं बनविलेलीं होतीं. उड्डाणतळावरील वीज ६५ व्होल्टांची होती. विजेचा हा बदल कागदोपत्रीं ठरला, बटनांपर्यंत पोंचला नाहीं. मार्चमध्यें टांकी रिकामी करण्यासाठीं आंतील तापक तासन्‌तास चालू ठेविले, तेव्हां बटनें चिकटलीं. आंतील उष्णता १,००० फॅरनहाइट अंशांच्या आसपास चढली व तारांवरील वेष्टण जळालें. मापकाची धांव मात्र सुमारें ८० अंशांपर्यंतच होती. अशा मापकाला जगांतील उत्तमोत्तम जुळें जोडलें असतें, तरी त्यानें सर्व क्षेम आहे असेंच कळविलें असतें.

कल्पनेची शास्त्रीय मांडणी मायकेल ग्रीव्ह्‌स यानें २००२ सालीं मिशिगन विद्यापीठांत केली. ‘डिजिटल ट्विन’ हें नांव नासाच्या जॉन व्हिकर्सकडे जातें व २०१० च्या सुमारास तें रूढ झालें. २०११ सालीं अमेरिकन वायुदलाच्या संशोधकांनीं सुचविलें तें आम्हांस विशेष मार्मिक वाटतें: विमानाच्या एका जातीचें एक जुळें नव्हे, तर शेपटीवरील क्रमांकागणिक निराळें. कारण एकाच आराखड्यावरून निघालेलीं दोन एंजिनें, एक वाळवंटावरून व दुसरें समुद्रावरून उडणारें, कांहीं वर्षांनीं सारखीं राहत नाहींत. एकाचीं पातीं वाळूनें झिजतात, दुसऱ्यास खारी हवा खाते.