नाव परमच, चिप मात्र दर वेळी नवी

कंदर, वाशिंबे, केत्तूर, आणि पाण्यापलीकडं इंदापूरच्या काठावरची सगळी गावं... जिथं रेंज मिळेल तिथून ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत.

आजचा प्रश्न असा. कंप्युटर बनवणारी एखादी संस्था आपल्या मशिनमधला प्रोसेसर काढते आणि वेगळ्याच घराण्यातला बसवते, तेव्हा नक्की काय होतं? घराणं म्हणजे आर्किटेक्चर. प्रत्येक घराण्याची हुकूम समजण्याची भाषा वेगळी. एकासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिला, तर त्याला त्यातलं अक्षर कळत नाही.

असं म्हटलं की लगेच ॲपलचं नाव निघतं. १९९४ ला मोटोरोलाच्या जुन्या चिपवरून पॉवरपीसी, २००६ ला इंटेल, २०२० पासून स्वतःची एआरएम चिप. ठीक आहे. पण आपल्यापासून तीन तासांवर, पुण्यात, एका सरकारी संस्थेनं हा उद्योग ॲपलपेक्षा जास्त वेळा केलाय. ती संस्था म्हणजे सीडॅक, आणि मशिनचं नाव परम.

थोडं मागं जाऊ. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकेनं मागितलेलं ताकदीचं मॉडेल नाकारलं. हवामान अंदाजासाठी दिल्लीला मिळालं ते त्याच्यापेक्षा कमी ताकदीचं, तेही अटी घालून. मग मार्च १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक उभी राहिली. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातले डॉ. विजय भटकर. मुदत तीन वर्षं, पैसे सुमारे ३० कोटी.

क्रेसारखा एकच दांडगा प्रोसेसर बनवणं आपल्या आवाक्यात नव्हतं. म्हणून ठरलं की लहान लहान चिप घ्यायच्या आणि सगळ्यांना एकाच कामाला जुंपायचं. एका बैलानं ओढायची गाडी चाळीस बैलांत वाटायची तसं. चिप निवडली ती इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची, ट्रान्सप्युटर टी८००. तिची खुबी काय? शेजारच्या चिपशी बोलायला चार तारा चिपमध्येच दिलेल्या. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ६४ चिपचं मशिन सेकंदाला जास्तीत जास्त १०० कोटी आकडेमोडी करायचं. आज तुमच्या खिशातला फोन त्याच्या कित्येक पट पुढं आहे, पण त्या वेळी ही मोठी झेप होती.

आता खरी गोष्ट सुरू होते. इनमॉस आधीच अडचणीत होती. १९८९ मध्ये ती दुसऱ्या कंपनीकडं गेली होती. पुढची चिप टी९००० लांबत लांबत इतकी लांबली, की ती येईपर्यंत बाकीच्यांचे प्रोसेसर पुढं निघून गेले होते. ट्रान्सप्युटरचा रस्ता तिथंच संपला. हा निर्णय पुण्यात झाला नाही. पुण्याला तो फक्त निस्तरायचा होता.

आपल्या भागात हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. १९८० ला उजनी पूर्ण झालं, आणि त्याच्या आधीच गावं उठली. कधी उठायचं, कुठं जायचं, हे गावानं ठरवलं नव्हतं. पण काय बरोबर न्यायचं, ते गावानं बघितलं. गावाचं नाव आलं, देव आले, भांडीकुंडी आली, नाती आली. विहीर, काळी रान आणि पाणंद मात्र खाली राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर डोकावतं. जे गाडीत घालता येतं ते वाचतं, जमिनीला बांधलेलं बुडतं.

प्रोग्रामचंही असंच. ट्रान्सप्युटरची स्वतःची एक भाषा होती, ऑकम. चिप आणि भाषा अगदी एकमेकांसाठी बनवलेल्या. ऑकममध्ये लिहिलेलं सगळं त्या चिपच्या जमिनीला बांधलेलं होतं. हवामानाची मॉडेलं मात्र फोरट्रानमध्ये असायची. फोरट्रान कुठल्याच चिपची नाही. नवी चिप आली की नवा कंपायलर घ्या आणि तोच मजकूर पुन्हा कंपाइल करा. ऑकम आज कॉलेजच्या पोरांनी ऐकलेलीसुद्धा नसते. फोरट्रान अजून पावसाचे अंदाज काढतेय.

ॲपलसारखी युक्ती सीडॅकला का नाही चालली? ॲपल मधे एक दुभाषा बसवतं. जुना प्रोग्राम नव्या चिपवर तो भाषांतर करून चालवतो, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण दुभाषा वेळ खातो. महासंगणक तर घ्यायचाच वेगासाठी. तिथं घर नव्यानं बांधल्याशिवाय गत्यंतर नाही.

तर सीडॅकनं पुढं काय केलं? आधी अर्धं पाऊल टाकलं. परम ८६०० मध्ये गणितं इंटेलच्या आय८६० कडं दिली आणि आपसातलं बोलणं ट्रान्सप्युटरकडंच ठेवलं. आय८६० कागदावर फार वेगवान, पण तिच्यातून तो वेग काढून घेणं कंपायलरला जड जायचं. इंटेलनंही ती चिप पुढं बंद केली.

मग १९९४ च्या परम ९००० मध्ये विचारच बदलला. आता एकाच चिपभोवती मशिन बांधायचं नाही, तर प्रोसेसर बदलता येईल असा सांगाडा बनवायचा. त्यात सन कंपनीची स्पार्क चिप आली. १९९८ चा परम १०००० पण स्पार्कवरच. १६० प्रोसेसर लावले की १०० गिगाफ्लॉप, म्हणजे परम ८००० च्या शंभर पट. त्यानंतर परम पद्म, २४८ आयबीएम पॉवर४ प्रोसेसर आणि एक टेराफ्लॉप. २००८ मध्ये पुण्यात परम युवा, इंटेल झिऑनवर. २०१३ च्या युवा २ मध्ये इंटेलचा झिऑन फाय हा जोडप्रोसेसर आला. काही वर्षांनी इंटेलनं तोही बंद केला. २०२० च्या परम सिद्धीमध्ये एएमडी आणि एनव्हिडिया.

या उड्या किती बारीक ठिकाणी टोचतात, त्याचं एक उदाहरण देतो. आपण मराठीत 'सत्तावीस' म्हणतो, म्हणजे आधी सात, मग वीस. इंग्रजीत उलटं, आधी ट्वेंटी, मग सेव्हन. आकडा एकच, क्रम उलटा. चिपांमध्येही असे दोन पंथ आहेत. पद्ममधली पॉवर४ मोठा भाग आधी ठेवणारी, युवातली झिऑन लहान भाग आधी ठेवणारी. एका मशिनवर साठवलेली आकड्यांची फाइल दुसऱ्यावर जशीच्या तशी उघडली, की सगळे आकडे भलतेच. एररसुद्धा येत नाही. उत्तर येतं, ते चुकीचं असतं.

मग एवढ्या बदलांत परम 'परम' कशानं राहिला? चिपच्या वरच्या थरामुळं. १९९४ मध्ये एमपीआय नावाचं सर्वमान्य प्रमाण आलं. प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप कसा पाठवायचा, याचे ते नियम. सीडॅकनं त्याची स्वतःची आवृत्ती लिहिली. प्रोसेसर जोडणारं जाळं, परमनेट, तेही स्वतः बनवलं आणि पिढी दर पिढी सुधारलं. चिप परकी, पण जाळं आणि सॉफ्टवेअर घरचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घर हलवायचं कसं, हे माहीत असलेली माणसं.

आता सीडॅक स्वतःचा प्रोसेसर बनवतेय, 'ओम' नावाचा, ९६ कोअरचा. त्याचा पाया एआरएमचा, म्हणजे तुमच्या फोनमधल्या चिपचंच घराणं. पण पाऊल नीट ओळखा. मूळ आराखडा परवान्यावर घेतलेला आहे, आणि चिप तैवानच्या कारखान्यात बनवायची योजना आहे. जमीन अजून पूर्ण आपली नाही. थोडी जास्त आपली झालीय, इतकंच.

याचा आपल्याशी काय संबंध? जुलैत आपण आभाळ कमी आणि दौंडचा विसर्ग जास्त बघतो. उजनी भरते ती मावळ-मुळशीच्या पावसावर. तो पाऊस किती पडेल, याचं गणित आज पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या महासंगणकावर चालतं. तिथंही २०१८ चा प्रत्युष गेला, २०२४ ला अर्क आला. मशिन बदलताना मॉडेल नीट हललं नाही, तर चुकीच्या अंदाजाचा फटका ज्याची मोटार काठावर आहे त्याला बसतो.

आणि तुमच्यातले जे कोडिंग शिकताय, त्यांना एकच सांगणं. आज एआयचं बरंच काम एकाच कंपनीच्या चिपला बांधून लिहिलं जातंय. वेग मिळतो, नाही म्हणत नाही. ऑकमवाल्यांनाही मिळत होता. लिहिताना एवढं विचारत जा, उद्या उठायची वेळ आली तर यातलं गाडीत काय घालता येईल?

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत राम राम.