बँजो कुणाचा? रियॅनन गिडन्स आणि पुसलेल्या इतिहासाचे संगीत

१/११
मे २०२३. संगीतासाठीचे पुलित्झर पारितोषिक 'ओमर' या ऑपेराला जाहीर झाले. त्याचा नायक म्हणजे १८०७ साली अमेरिकेत गुलाम म्हणून विकला गेलेला एक आफ्रिकी विद्वान. रचनाकार दोन : मायकेल एबल्स आणि रियॅनन गिडन्स. गिडन्स यांची मुख्य ओळख बँजोवादक व गायिका अशी. या ऑपेरापर्यंतची त्यांची वाट बँजोच्याच इतिहासातून जाते. #थ्रेड

२/११
बँजो म्हटले की डोळ्यांसमोर अमेरिकेच्या डोंगराळ भागातला गोरा वादक येतो. वाद्याचे मूळ मात्र पश्चिम आफ्रिकेतले. आपल्या तंबोऱ्याप्रमाणे तिथेही भोपळा वापरतात, पण त्यावर कातडे ताणून तारा चढवतात. सेनेगल-गांबिया भागातील जोला लोकांचे 'अकोंटिंग' हे असेच वाद्य. जमैकातील गुलामांच्या अशा वाद्यांचे चित्र हान्स स्लोन यांच्या १७०७ च्या ग्रंथात आहे.

३/११
मग ओळख बदलली कशी? १८४३ मध्ये न्यूयॉर्कला 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रल्स' या मंडळीने रंगमंच गाजवला. जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून गोरे नट कृष्णवर्णीयांची टवाळी करत आणि हाती बँजो घेत. हे खेळ अफाट लोकप्रिय झाले. ज्यांचे वाद्य, त्यांच्याच अपमानाचे ते साधन बनले.

४/११
दुसरा घाव बाजारपेठेचा. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दोन वेगळ्या याद्या केल्या : कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी 'रेस', ग्रामीण गोऱ्यांसाठी 'हिलबिली'. बँजो-फिडलचे संगीत दुसऱ्या यादीत गेले. तेच वाजवणारे कृष्णवर्णीय वादक खेडोपाडी होते. परंतु यादीत नसल्यामुळे पुढच्या पिढ्यांच्या स्मरणातूनही ते गळाले.

५/११
गिडन्स यांचा जन्म १९७७ चा, नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरोचा. ओबर्लिन येथे त्यांनी ऑपेरा गायनाचे शिक्षण घेतले. २००५ मध्ये बून येथे कृष्णवर्णीय बँजोपरंपरेवर मेळावा भरला. तिथल्या ओळखींतून डॉम फ्लेमन्स, जस्टिन रॉबिन्सन आणि गिडन्स हे तिघे ऐंशी ओलांडलेले कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्पसन यांच्याकडे शिकायला जाऊ लागले.

६/११
थॉम्पसन यांच्या घराण्यात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. शिष्यांनी 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा चमू उभारला. त्यांच्या २०१० च्या अल्बमला ग्रॅमी मिळाले. २०१२ मध्ये गुरू निवर्तले, पण तोवर त्यांच्या चाली पुढच्या हातांत पोहोचल्या होत्या.

७/११
पुढे गिडन्स जुन्या कागदांकडे वळल्या. एका तरुण दासीच्या विक्रीची जाहिरात त्यांच्या वाचनात आली. तिला नऊ महिन्यांचे मूल होते आणि ते सोबत घ्यायचे की नाही, हे ग्राहकाच्या मर्जीवर सोडलेले होते. जाहिरातीत आईचा शब्दही नाही. गिडन्स यांनी २०१७ च्या 'फ्रीडम हायवे' अल्बममधील गीतात त्या आईला बोलते केले.

८/११
ओमर इब्न सईद यांचे शब्द मात्र उरले आहेत. जन्म सुमारे १७७०, आजच्या सेनेगलमधील फुता तोरो येथे. पंचवीसेक वर्षे अध्ययन. १८०७ मध्ये पकडून त्यांना चार्ल्सटनला आणले गेले. क्रूर मालकाकडून ते पळाले आणि फेएटव्हिलला तुरुंगात पडले. तिथल्या भिंतींवर त्यांनी अरबी अक्षरे लिहिल्याची नोंद आहे.

९/११
१८३१ मध्ये त्यांनी अरबीत आत्मचरित्र लिहिले. आरंभीच कुराणातील 'अल्-मुल्क' हा अध्याय. सत्ता आणि मालकी केवळ ईश्वराची, हा त्याचा आशय. एका गुलामाने तो निवडावा, यातच बरेच काही आले. १८६४ मध्ये ते गुलामीतच वारले. गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती १८६५ ची. ते हस्तलिखित आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

१०/११
'ओमर'ची संहिताही गिडन्स यांचीच. तिचा पहिला प्रयोग मे २०२२ मध्ये चार्ल्सटनमध्येच झाला. ज्या शहरात ओमर विकले गेले, तिथल्याच रंगमंचावर त्यांचे नाव गाजले. त्याआधी, २०२० मध्ये, गिडन्स यांनी 'सिल्करोड' या संस्थेचे कलात्मक संचालकपद स्वीकारले होते. तिथे त्यांनी अमेरिकेचे लोहमार्ग बांधणाऱ्या चिनी, आयरिश व कृष्णवर्णीय मजुरांच्या आणि त्या मार्गांमुळे विस्थापित झालेल्या मूलनिवासींच्या संगीतावर प्रकल्प उभा केला.

११/११
२०२४ मध्ये बियॉन्से यांच्या 'टेक्सस होल्ड एम' या गाण्यात गिडन्स यांचा बँजो जगभर ऐकला गेला. एप्रिल २०२५ मध्ये रॉबिन्सन यांच्यासोबतचा त्यांचा अल्बम आला. त्याचे काही ध्वनिमुद्रण थॉम्पसन यांच्या घरी, उघड्यावर झाले. त्याच महिन्यात डरहॅमच्या महोत्सवात 'चॉकलेट ड्रॉप्स' पुन्हा एकत्र आले. तोंडाची काजळी पुसता येते. यादीतून पुसलेले नाव परत लिहायला मात्र कुणीतरी कागद धुंडाळावे लागतात, आणि एखाद्या म्हाताऱ्या वादकाच्या दारी शिष्य होऊन बसावे लागते.