सोलापुरांतील दुकानघर

सोलापुरांतील जुनें दुकानघर पाहिलें कीं, घर मूळचें केवळ राहण्याचें असून पुढें बाजार वाढल्यावर दर्शनी भिंत फोडून दुकान काढलें असावें, असा समज सहज होतो. १८६० सालीं येथें आगगाडी आली व १८७७ सालीं पहिली कापडगिरणी सुरू झाली, हें ध्यानांत घेतां तो साहजिकही आहे. परंतु तो सरसकट ग्राह्य नाहीं, असें आमचें मत आहे.

मंगळवार पेठेकडील चाटी गल्लीचें नांवच पाहावें. चाटी म्हणजे कापडविक्या. जेथें गल्लीस विक्रेत्यावरून नांव पडलें, तेथें दुकान घराला मागाहून जोडलें असें मानणें कठीण.

शब्दांची साक्षही अशीच आहे. अमरकोशाच्या पुरवर्गांत 'आपण', म्हणजे दुकान, यास 'निषद्या' हा पर्याय आहे. त्याचा धात्वर्थ बसण्याची जागा. फारसीच्या द्वारें आपल्याकडे आलेल्या अरबी 'दुक्कान' शब्दाचाही एक अर्थ बसण्याचा ओटा असाच आहे. दोन भिन्न कुळांतील भाषा जें सांगतात, तेंच बांधणींत दिसतें : काळ्या दगडाचें जोतें, त्यावर ओटा, ओट्यावर गादी, मागें सोपा व माजघर, आणि पाऊस बेताचा म्हणून वर पांढऱ्या मातीचें माळवद.

मूळचें दुकान ओळखावें कसें? दर्शनी खण सारखे असतील, फळ्या बसविण्याची खांच खालीं उंबऱ्यांत व वर तुळईंत अखंड असेल, आणि घरांत जाण्याचा दरवाजा प्रथमपासून एका बाजूस असेल, तर दुकान घराबरोबरचें. उलट दर्शनी भिंतीचे चिरे मध्येंच तोडलेले दिसले, अगर खांबांचें काम तुळईच्या कामाशीं जुळलें नाहीं, तर तें मागाहून काढलेलें समजावें.

हा पुरावा जमिनीलगतचा असल्यामुळें सर्वांत आधीं नष्ट होतो. रस्ता थरावर थर चढतो व ओटा बुजतो. फळ्या जाऊन लोखंडी शटर येतें व खांच बुजविली जाते. पुण्याच्या भिडेवाड्यांत १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली. त्याच्या तळमजल्यावर अलीकडेपर्यंत दुकानें होतीं. २०२३ च्या डिसेंबरांत तो वाडा पाडला गेला. त्या दुकानांपैकीं मूळचीं कोणतीं, हें आतां त्याच्या जोत्यास विचारतां येणार नाहीं.

म्हणून वारसावास्तूंची नोंद करणारांनीं कोरीव खांब व सज्जे यांपाशीं न थांबतां ओट्याची उंची, खणांचें माप व फळ्यांची खांच यांचीही नोंद करावी. सोलापुरांत हें काम अद्याप होण्यासारखें आहे.