झेंडा अडकला तेव्हा फोटोवाला कुठे बघत होता?

डिसेंबर १९३६. यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. झेंडावंदनाच्या वेळी दोरी अडकली आणि झेंडा मध्येच थांबला. मग शिरपूरकडचा एक तरुण उंच खांबावर सरसर चढला आणि त्याने झेंडा मोकळा केला. ही हकीकत खानदेशात आजही सांगितली जाते.

नवशिक्या फोटोवाल्याची परीक्षा अशाच क्षणी होते. ठरल्या कार्यक्रमानुसार त्याची नजर पुढाऱ्यांवर, आणि प्रसंग घडतो खांबाच्या टोकाला. त्यातून त्या काळी गावोगावच्या स्टुडिओत अजून तिपाईवरचा मोठा कॅमेरा आणि काचेची प्लेट होती. डोक्यावर काळं फडकं घ्यायचं, भिंग जुळवायचं, प्लेट सरकवायची. एवढ्यात पोरगा खाली उतरलेला असणार. लायका हा छोटा कॅमेरा १९२५ साली बाजारात आला होता, एका रिळात छत्तीस फोटो निघत, पण तो परवडणारे थोडे.

खानदेशाच्या उंबरठ्यावर कॅमेरा त्याच्या कितीतरी आधी पोचला होता. अजिंठ्याची चित्रं उतरवायला आलेला चित्रकार रॉबर्ट गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला. त्याची कबर भुसावळला आहे. पण लेणं जागचं हलत नाही. वक्ता हात उडवतो, मान वळवतो, मध्येच पाणी पितो.

फैजपूरचं टिळकनगर नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातून उभं केलं होतं. शोभा डोळ्यांना सुखावणारी, फोटोवाल्याला मात्र अवघड: मांडवाखाली सावली, बाहेर डिसेंबरचं लख्ख ऊन. बाहेरच्या उजेडावर अंदाज बांधला तर व्यासपीठावरचे चेहरे काळे, चेहरे सांभाळले तर मागचं सगळं पांढरं. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड पाडता येई, पण तिचा धूर विरेपर्यंत दुसरा फोटो विसरायचा.

साधारण त्याच सुमारास सेवाग्रामला गांधीजींचा चुलतनातू कनू गांधी कॅमेरा शिकत होता. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कॅमेरा आणि रीळ आलं. गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला फोटोसाठी थांबायला सांगायचं नाही, आणि खर्च आश्रमाने करायचा नाही. तिसरी अट सोडली तर सभा टिपायला शिकणाऱ्याला याहून चांगला धडा कोणी दिला नसेल.

सगळ्याच सभांना कॅमेरा लाभला नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचनं हाती राहिली ती साने गुरुजींनी भराभर लिहून घेतली म्हणून.

साहित्य संमेलनं मात्र फोटोवाल्यांच्या हक्काची. १९३६ सालीच जळगावला माधव ज्यूलियन अध्यक्ष होते, १९४४ साली धुळ्याला मामा वरेरकर, १९५२ साली अमळनेरला कृ. पां. कुलकर्णी. अशा जागी मानाचं काम म्हणजे ग्रुप फोटो. पुढे खुर्च्या, मागे बाकं, मध्यभागी अध्यक्ष, आणि कोणाला कुठे बसवायचं यावरून थोडेफार रुसवेफुगवे. या धंद्यात मुत्सद्देगिरीही शिकावी लागते.

पुढे गावोगावच्या फोटोवाल्यांकडेही रोलफिल्म आली. एका रिळात चौकोनी फोटो बाराच, रीळ संपलं की बदलायचं, तेही आडोशाला. त्यामुळे हात आखडता असे. कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन आधीच हिशेब करायचा: दोन दीपप्रज्वलनाला, एक हाराला, तीन भाषणांना, उरलेले अडीअडचणीला. हाराच्या फोटोतही मेख असते. हार गळ्यात पडताना फुलांआड चेहराच जातो. जरा थांबून, पाहुणा तो काढून टेबलावर ठेवायच्या आत बटण दाबावं लागतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला पुन्हा साहित्य संमेलन भरलं, ९७ वं, अध्यक्ष रवींद्र शोभणे. रिळाचा हिशेब केव्हाच संपला होता. आता शेजारच्या दहा मोबाइलांमधून जागा काढायची आणि संध्याकाळी शेकड्यांनी काढलेल्या फोटोंतून वर्तमानपत्रासाठी चार निवडायचे. आयोजकांची पहिली मागणी मात्र अजूनही समईचीच असते, आणि वातीकडे बघायचं सोडून सगळे पाहुणे कॅमेऱ्याकडेच बघत असले तरी त्यांना चालतं.