सायकलीचा बिल्ला

रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला आणि फटफटीला क्रमांक असतो. आपल्या जिल्ह्यांतील गाड्यांवरचीं 'एमएच २०' हीं अक्षरें आपण रोज पाहतों. सायकलीवर मात्र असें कांहीं नसतें. उलट्या दिशेनें आलेला एखादा सायकलस्वार कोणा वृद्ध गृहस्थाला धक्का देऊन गल्लींत दिसेनासा झाला, तर त्याला शोधावयाचें कसें, असा प्रश्न लोक विचारतात आणि सायकलींनाहि क्रमांक लावा असें म्हणतात. त्यांची तक्रार खोटी नाहीं. म्हाताऱ्याचें मोडलेलें हाड सायकलीनें मोडलें म्हणून लवकर जुळत नाहीं. परंतु सायकलीला ओळखपट्टी लावण्याचा प्रयोग नवा नव्हे; तो आपल्या देशांत झाला आहे आणि परदेशांतहि झाला आहे. त्याची हकीकत पाहिली म्हणजे ह्या मागणींत तथ्य किती, हें ठरवितां येईल.

आज आपण जी सायकल वापरतों तिचा घाट १८८५ सालीं इंग्लंडांत स्टार्ले यानें काढलेल्या 'रोव्हर' सायकलीनें नीट बसला. दोन सारखीं चाकें आणि मागच्या चाकाला साखळी, असा तो घाट. तीन वर्षांनीं डनलॉप यानें हवेचें टायर आणलें आणि हाडें खिळखिळीं करणारी ही गाडी एकदम सुखाची झाली. त्या काळीं ती पैसेवाल्यांची चैन होती, आणि चैनीवर कर बसवावा हें कोणत्याहि सरकारास लवकर सुचतें. १८९३ च्या एप्रिलमध्यें फ्रान्सनें दर सायकलीमागें वर्षाला दहा फ्रँक कर बसविला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें पॅरिसच्या पोलिसांनीं हुकूम काढला कीं, प्रत्येक मोटारगाडीवर मालकाचें नांव, ठिकाण आणि क्रमांक धातूच्या पट्टीवर स्पष्ट लिहिलेला असावा. एकाच देशांत चार महिन्यांच्या अंतरानें निघालेले हे दोन हुकूम शेजारीं शेजारीं ठेवून पहावे. मोटारीला पट्टी लागली ती तिचा मालक सांपडावा म्हणून. सायकल सरकारच्या वहींत आली ती पैशासाठीं. पुढें फ्रान्सांत सायकलीवरहि धातूची पट्टी आली, पण तिचें काम पावतीचें होतें.

आपल्याकडेहि हेंच झालें. मुंबई इलाख्यांत १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानें गांवांतील वाहनांवर कर घेण्याची मुभा नगरपालिकांना दिली. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यांतहि तो अधिकार आहे, आणि घटनेच्या सातव्या अनुसूचींत राज्यांच्या यादींतील ५७ वी नोंद यंत्रानें चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या वाहनांवरील कराविषयीं आहे. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामी राज्यांत असल्यामुळें इलाख्याचे कायदे येथें लागू नव्हते. म्हणून बिल्ल्याची आठवण आपल्यापेक्षां पुण्याकडच्या जुन्या माणसांना अधिक असते. कर भरला कीं नगरपालिका पत्र्याचा किंवा पितळेचा एक लहानसा बिल्ला देई. त्यावर नगरपालिकेचें नांव, वर्ष आणि क्रमांक छापलेला असे. तो सायकलीला अडकवावयाचा आणि वर्ष संपलें कीं नवा घ्यावयाचा. बिल्ला नसलेली सायकल अडविण्यास नगरपालिकेचीं माणसें नाक्यावर उभीं रहात.

ह्या बिल्ल्याचा वाहतुकीच्या शिस्तीला उपयोग तो किती? सुपारीएवढ्या जागेंत कोरलेला आंकडा पळत्या सायकलीवर कोणास वाचतां येणार? मोठा करावा म्हटलें तर सायकलीला मोटारीसारखी सपाट पाठच नाहीं. शिवाय सायकल हातोहात जाते. थोरल्या भावाची धाकट्याला, धन्याची गड्याला, आणि विकली तर बिल्ल्यासकट तिसऱ्यालाच. वहींतलें नांव एकाचें आणि खोगिरावरचा मनुष्य दुसरा. मोटारीच्या मालकावर नोंद बदलून घेण्याचें बंधन आहे, आणि विकत घेणारा तें पाळतो, कारण गाडी लाखाची असते. दोन अडीच हजारांच्या जुन्या सायकलीसाठीं कचेरीचे चार हेलपाटे कोण घालील?

ह्या बाबतींत हॉलंडची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तो सायकलींचा देश. तेथें १९२४ सालीं सायकल-कर बसला. तीन गिल्डर भरावे आणि तांब्याची पट्टी गाडीला लावावी, असा नियम. पुढें मंदीचा काळ आला. लाखों लोक बेकार झाले, त्यांना हा कर जड झाला, आणि काम शोधावयाचें तर सायकल हवीच. सरकारनें दया केली. बेकारांना पट्टी फुकट दिली. पण ती ओळखूं यावी म्हणून तिला मधोमध भोंक पाडलें, आणि ती लावलेली सायकल रविवारीं चालवूं नये असें ठरविलें. म्हणजे एका भोंकामुळें तो मनुष्य बेकार आहे हें सगळ्या रस्त्याला कळूं लागलें. कायदा करणाऱ्यांच्या मनांत अपमान करावा असें नसेल, पण झाला तो अपमानच. १९४१ सालीं, जर्मनांच्या ताब्यांत देश असतांना, हा कर उठला.

कानडांतील टोरोंटो शहरानें १९३५ पासून सायकलींना परवाना सक्तीचा केला होता. तो १९५७ सालीं बंद केला, आणि बंद करतांना दिलेलें कारण मला शिक्षक म्हणून फार महत्त्वाचें वाटतें. कोंवळ्या वयाच्या मुलांच्या हातून नकळत कायदा मोडला जातो, आणि पोलिस व मुलें यांच्यांत विनाकारण वांकडें येतें, असें तें कारण होतें. ज्या मुलाची पोलिसाशीं पहिली गांठ बिल्ला नाहीं म्हणून पडली, तो पोलिसाकडे मदत मागावयास सहसा जात नाहीं.

उलट बाजूचीं उदाहरणेंहि आहेत आणि तीं टाळणें बरें नव्हे. स्वित्झर्लंडमध्यें सायकलीवर दरसाल नवी चिठ्ठी लावावी लागे. ती विम्याची खूण होती. सायकलस्वाराच्या हातून दुसऱ्याचें नुकसान झालें तर भरपाई मिळे. धक्का खाल्लेल्या म्हाताऱ्याला खरा उपयोग अशा विम्याचा. बहुतेक कुटुंबांनीं असा विमा आपणहून घेतलेला आहे असें दिसल्यावर ती चिठ्ठी २०१२ पासून गेली. जपानांत १९९४ पासून सायकलीची नोंदणी कायद्यानें आवश्यक आहे, पण ती चोरी झाली तर गाडी परत मिळावी म्हणून. एकीचा हेतु भरपाई, दुसरीचा चोरी. वाहतुकीचे नियम पाळले जावे म्हणून सायकलीवर लावलेली आणि टिकलेली पट्टी मला ह्या हकीकतींत कोठें आढळली नाहीं.

आतां आपल्या शहराकडे वळूं. पैठण दरवाजा, गुलमंडी, शहागंज या भागांत वाढलेल्या माझ्या वयाच्या लोकांना तासावर मिळणाऱ्या भाड्याच्या सायकली आठवत असतील. दुकानदार मागच्या मडगार्डावर रंगानें ठळक आंकडा घाली आणि वहींत तुमचें नांव, वेळ व आंकडा लिही. ही ओळखपट्टी खरोखर चालली. कारण वही शेजारच्या दुकानांत होती, ती लिहिणाऱ्याचा त्यांत स्वार्थ होता, आणि पोरगें कोणाचें हें त्याला ठाऊक होतें. पुढचें चाक वांकडें करून आणणाऱ्या मुलाच्या घरीं तो दिवेलागणीच्या आंत पोंचत असे! लाखोंच्या वस्तीला हा उपाय जसाच्या तसा लागू पडणार नाहीं, हें उघड आहे.

पोलिस तरी त्या काळीं काय करीत? रात्रीं दिवा नाहीं किंवा मागें डबलसीट बसविला, एवढें दिसलें कीं शिपाई पुढें होऊन कॅरियर धरी. कधीं दंड, कधीं कानउघाडणी, आणि पुष्कळदां चाकांतील हवा सोडून देण्याची शिक्षा. कायद्याच्या पुस्तकांत ती नसेल, पण दोन मैल गाडी ढकलीत नेलेला मुलगा दुसऱ्या दिवशीं दिवा लावूनच निघे. येथें क्रमांकाची गरज पडत नसे. १९५१ च्या पोलिस कायद्यांत वाहन या शब्दांत सायकल स्पष्टपणें येते आणि रस्त्याच्या डाव्या बाजूनें जाण्याचा नियम तिलाहि बांधतो. कायदा आहे, चौकांत उभा राहून तो सांगणारा मनुष्य पाहिजे.

जालना रस्त्यावर घटकाभर उभें राहून पहावें. उलट्या दिशेनें येणाऱ्यांत क्रमांक लावलेल्या फटफट्याच किती तरी असतात. ज्यांचा क्रमांक कॅमेऱ्याला टिपतां येतो तेहि जुमानीत नाहींत, आणि आपण मात्र वाळूजच्या कारखान्याकडे पहांटे पायडल मारीत जाणाऱ्या कामगाराला पट्टी लावण्याच्या गोष्टी बोलतों. त्याची सायकल पंधरा वीस किलोंची आणि वेग त्याच्या पायांइतका. पट्टी हरवली, गंजली, मुलानें काढली, कीं त्याची त्या दिवसाची मजुरी दंडांत जाणार.

विजेवर चालणाऱ्या सायकलींची गोष्ट मात्र निराळी. ज्यांची ताकद अडीचशे वॅटच्या आंत आणि वेग तासाला पंचवीस किलोमीटरपेक्षां अधिक नाहीं, त्यांना नोंदणीची सूट आहे, आणि ती असूं द्यावी. पण सूट घेऊन रस्त्यावर आलेली गाडी पुढें तार बदलून चाळीसनें पळूं लागली, तर ती सायकल राहिली नाहीं. तिला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं आणावें आणि खुशाल क्रमांक लावावा. विक्रेत्यांचीं दुकानें तपासलीं तर हें काम रस्त्यावर सायकली अडविण्यापेक्षां पुष्कळ सोपें होईल.

राहिला चोरीचा प्रश्न. प्रत्येक कारखाना सायकलीच्या सांगाड्यावर, बहुधा खोगिराच्या नळीजवळ किंवा पायडलच्या खालीं, एक क्रमांक ठोकूनच गाडी बाहेर पाठवितो. घरांतल्या सायकलीवर तो कोठें आहे, हें मुलांकडून शोधून घ्यावें, खडूनें घासला म्हणजे आंकडे उठून दिसतात, आणि खरेदीच्या पावतीच्या मागें लिहून ठेवावा.