राजरत्नम स्कूल
* सिंगापूरच्या नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था. १९९६मध्ये संरक्षण व सामरिक अभ्यासाचे केंद्र म्हणून सुरू झाली. २००७पासून तिला सिंगापूरचे पहिले परराष्ट्रमंत्री एस. राजरत्नम यांचे नाव आहे. जाफन्यात जन्मलेल्या या माजी पत्रकाराने १९६७मध्ये ‘आसियान’च्या स्थापनेच्या जाहीरनाम्यावर सिंगापूरतर्फे सही केली. मजकुरातील ‘ट्रॅक टू’ म्हणजे अशा संस्थांत होणारी अनौपचारिक बोलणी. अधिकारी तिथे सरकारतर्फे नव्हे, व्यक्तिगत नात्याने बसतात. कोण काय म्हणाले हे सहसा बाहेर सांगितले जात नाही. दक्षिण चीन समुद्राच्या वादात जाहीर बोललेला शब्द मागे घेणे सरकारांना जड जाते, म्हणून ही मोकळीक मोलाची. लेखकाने या बोलण्यांना ‘नुसत्या गप्पा’ म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते. – संपा.