निंबोळी तेल

निंबोळी तेल : कडुनिंबाच्या बियांतील गर दाबून काढलेले कडू तेल. कडुनिंबाचे शास्त्रीय नाव अझाडिरॅक्टा इंडिका असून कुल मेलिएसी आहे. तेलाचा रंग पिवळसर ते गडद तपकिरी असतो. वास लसणासारखा उग्र येतो आणि तो तेलातील गंधकयुक्त संयुगांमुळे असतो. थंडीत तेल दाट होते व काही वेळा गोठते. ज्येष्ठ-आषाढात पिकलेल्या निंबोळ्या झाडाखाली पडतात. त्या वेचून, वरचा मगज धुऊन, बी सावलीत वाळवतात आणि मग घाण्यावर किंवा एक्स्पेलरवर तेल गाळतात. ओल्या बियांना बुरशी फार लवकर धरते, त्यामुळे तेलाचा कस बराचसा वाळवणीवरच ठरतो. तेल काढल्यावर उरणारी निंबोळी पेंड जमिनीत मिसळतात. पुणे जिल्ह्यात मावळ-मुळशीच्या पावसाळी पट्ट्यापेक्षा दौंड, इंदापूर, बारामती, शिरूर या कोरड्या तालुक्यांत बांधावर व गावठाणात हे झाड अधिक दिसते.

घटक : तेलाचा मोठा भाग साध्या मेदाम्लांचा असतो. त्यांत ओलिक आम्ल सर्वांत जास्त, त्याखालोखाल स्टिअरिक, पामिटिक व लिनोलिक आम्ले. गुण येतो तो मात्र अल्प प्रमाणातील कडू द्रव्यांमुळे, म्हणजे लिमोनॉइडांमुळे. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९४२ मध्ये या तेलातून निंबिन व इतर कडू द्रव्ये वेगळी केली. अझाडिरॅक्टिन हे कीडनाशक द्रव्य १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये वेगळे झाले, पण त्याची रचना नक्की व्हायला १९८५ उजाडले. केंब्रिज विद्यापीठात स्टीव्हन ले यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत पूर्णपणे बनवले, तेही २००७ मध्ये, बावीस वर्षांच्या खटपटीनंतर. इतका गुंतागुंतीचा रेणू कारखान्यात बनवणे परवडत नाही, म्हणून जगभरच्या निंबयुक्त औषधांना आजही वेचलेल्या निंबोळीवरच अवलंबून राहावे लागते. झाड ही द्रव्ये कशी घडवते, यावर पुण्यातील पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधन झाले आहे.

शेती व बाग : निंबोळी तेलाचा सर्वांत खात्रीचा उपयोग झाडांवरच आहे. अझाडिरॅक्टिनमुळे किडीचे खाणे मंदावते आणि अळीला कात टाकता येत नाही. मऊ अंगाच्या किडींवर तेलाचा थर बसून त्या गुदमरतातही. हा परिणाम फवारल्या क्षणी दिसत नाही, काही दिवस जावे लागतात. औषध लागू पडले नाही असे समजून दुसऱ्याच दिवशी जहाल रसायन मारणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे व पिठ्या ढेकूण यांवर ते चालते, भुरीलाही काही अंशी आवर घालते. पुण्यातील गच्चीवरच्या बागांत जास्वंदीवर पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण बसतो, तेव्हा लिटरभर कोमट पाण्यात सुमारे ५ मिली तेल आणि तेल पाण्यात मिसळावे म्हणून द्रवसाबणाचे काही थेंब घालून पानांच्या खालच्या बाजूने फवारतात. फवारणी संध्याकाळी करावी. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर विघटते, शिवाय दुपारी पाने करपतात आणि मधमाश्या फुलांवर असतात.

शेतकरी तेलाऐवजी पुष्कळदा ५ टक्के निंबोळी अर्क वापरतात. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळायचा आणि एकूण १०० लिटर द्रावण करून त्याच दिवशी फवारायचे, अशी ही कृती आहे. खर्च जवळजवळ सगळा मजुरीचा. घरची निंबोळी असेल तर कृषी सेवा केंद्रातल्या बाटलीआधी हा अर्क करून पाहणे केव्हाही चांगले.

पेटंटचा वाद व पुणे : १४ सप्टेंबर १९९४ रोजी युरोपीय पेटंट कार्यालयाने डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकी कंपनी व अमेरिकेचे कृषी खाते यांना एक पेटंट दिले. विषय होता, द्रावकाने काढलेल्या निंबोळी तेलाने पिकांवरील बुरशीचे नियंत्रण. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी १९९५ मध्ये त्याला हरकत घेतली. हा वाद भारतात बहुधा परंपरेच्या अंगाने सांगितला जातो. पाडव्याला ओवा, मिरी, हिंग व गुळाबरोबर खाल्ली जाणारी कडुनिंबाची पाने आणि आयुर्वेदातील निंबाचे उल्लेख त्यात हमखास येतात. पण म्यूनिकमध्ये, युरोपीय पेटंट कार्यालयापुढे, निर्णायक ठरली ती याहून अलीकडची आणि साधी गोष्ट. पुण्यातील अजय बायोटेक या कंपनीचे अभय फडके यांनी साक्ष दिली की, पेटंटचा अर्ज होण्याच्या कितीतरी आधी, १९८५ व १९८६ मध्ये, अशा तेलाच्या फवारणीच्या चाचण्या पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर उघडपणे झाल्या होत्या. जे आधीच लोकांसमोर वापरले गेले ते नवे शोधले असे म्हणता येत नाही. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी अपीलही फेटाळले गेले.

या निकालाने ‘कडुनिंब भारताला परत मिळाला’ असे म्हणतात, ते ढोबळ आहे. रद्द झाले ते एका विशिष्ट प्रक्रियेवरचे पेटंट. आजीच्या बटव्यातील ज्ञान खरे असले तरी परदेशी कार्यालयापुढे ते तारखेनिशी सिद्ध करावे लागते, आणि इथे ते सिद्ध करता आले ते एका शेतावर केव्हा काय फवारले हे सांगणारा माणूस उभा राहिला म्हणून. हळदीच्या अमेरिकी पेटंटाची गोष्टही याच काळातली, ते १९९७ मध्ये रद्द झाले. तो लढा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लढवला. तेव्हा परिषदेचे महासंचालक होते रघुनाथ माशेलकर, त्याआधी पाषाणच्या प्रयोगशाळेचे संचालक.

शरीरावरील उपयोग : खरूज, नायटा, कोंडा, उवा यांवर हे तेल बाहेरून लावण्याचा प्रघात जुना आहे. जिवाणू व बुरशी यांना ते रोखते, हे प्रयोगशाळेत दिसते. माणसांवरील पद्धतशीर चाचण्या मात्र थोड्या आहेत, त्यामुळे वैद्यकीय उपचाराऐवजी ते वापरू नये. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल तेलात २ टक्के निंबोळी तेल मिसळून लावल्यास हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलिस डासांपासून चांगले संरक्षण मिळाले. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास वेगळा आणि तो दिवसा चावतो. ॲनॉफिलिसबद्दलचा निष्कर्ष एडिसला लावून साचलेले पाणी काढण्यात कुचराई करणे धोक्याचे आहे. तेल निखळ लावू नये, खोबरेलात पातळ करावे आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी.

हे तेल पोटात मुळीच घेऊ नये. लहान मुलांना तर एक चमचाही देऊ नये. मलेशियात तान्ह्या बाळांना घरगुती औषध म्हणून ते पाजल्यावर उलट्या, ग्लानी, झटके आणि मेंदू व यकृत यांना इजा झाल्याची प्रकरणे १९८१ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात नोंदली गेली. काही बाळे दगावली. गरोदर स्त्रियांनी व गर्भधारणेसाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांनीही ते पोटात घेणे टाळावे. पाडव्याच्या चार पानांशी याची तुलना होत नाही. पान आणि बियांचे तेल यांतील द्रव्यांचे प्रमाण अगदी निराळे असते.

टी ट्री तेलाशी तुलना : औषधांच्या दुकानांत आता टी ट्री तेलाची बाटली निंबोळी तेलाशेजारी दिसते आणि दोन्ही एकाच कामाची समजली जातात. टी ट्री तेल ऑस्ट्रेलियातील मेलालुका अल्टर्निफोलिया या झाडाच्या पानांतून वाफेने काढलेले उडणारे सुगंधी तेल आहे. त्यातील मुख्य गुणकारी घटक टर्पिनेन-४-ऑल. मुरुमांवर त्याच्या ५ टक्के जेलची तुलना बेन्झॉइल पेरॉक्साइडशी १९९० मध्ये १२४ रुग्णांवर झाली. गुण हळू आला, पण जळजळही कमी झाली. मुरुमांसाठी म्हणून त्याची बाजू निंबोळी तेलापेक्षा भक्कम आहे, झाडांवरील किडीसाठी निंबोळी तेलाची. पोटात घेण्यास दोन्ही अपायकारक आहेत.

खरेदी व साठवण : पुण्यात रविवार पेठेतील काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारे सुटे तेल आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारे पीपीएम (दशलक्षांश) लिहिलेले कीडनाशक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्यात पायसकारी व इतर द्रव्ये मिसळलेली असतात, म्हणून ते त्वचेला किंवा केसांना लावू नये. बाटलीवर १५०० किंवा १०,००० असा जो आकडा असतो तो अझाडिरॅक्टिनचे प्रमाण सांगतो, आणि पाण्यात किती मिली घालायचे ते त्यावरूनच ठरते. वासहीन केलेल्या तेलातून कडू द्रव्येही बरीच निघून गेलेली असू शकतात. तेल गडद बाटलीत, उन्हापासून व मुलांपासून दूर ठेवावे. थंडीत गोठल्यास बाटली कोमट पाण्यात धरावी, थेट आचेवर ठेवू नये.